दिवट्याची झील

या, असे पुढं सरकून बसा. चौकटीला टेकून ऐकलेली गोष्ट निम्मी अंगणातच सांडते. मोबाईल हातात असला तर असू द्या, त्याच्यावर आपला राग नाही. आज जी गोष्ट सांगणार आहे ती निम्मी त्या मोबाईलमध्येच घडली. राजाची नाही, देवाची नाही. एका दिवट्याची गोष्ट आहे, हातात मशाल धरून दुसऱ्याची वाट उजळणाऱ्याची. आणि ज्याची वाट तो उजळायचा, त्याची.

तर भरमाप्पा. वय अडुसष्ट. उभी हयात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये गेली. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि तोंडात हरिनाम. हा कसला मेळ, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "हर काय आन् हरी काय, झील एकच." ड्युटी सुटली की नृसिंहबुवांच्या कीर्तनात मागं उभं राहून झील धरायची, हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम.

झील म्हणजे काय, हे नव्यांना सांगायला हवं. बुवा ओळ म्हणतात. ओळीच्या शेवटाला त्यांचा दम सरत येतो. नेमकं तिथं मागच्यानं शेवटचे शब्द उचलायचे, दोनदा घोळवायचे आणि तेवढ्यात बुवांना श्वास घेऊ द्यायचा. ऐकणाऱ्याला सांधा दिसता कामा नये. दिसला, तर झीलकरी कच्चा. भरमाप्पाचा सांधा एकतीस वर्षांत कुणाला दिसला नाही, आणि त्यामुळं भरमाप्पाही कुणाला दिसला नाही. पत्रिकेवर बुवांचं नाव ठळक. त्याच्या वाट्याला खाली बारीक अक्षरात 'साथसंगत'. त्याला त्याचं काही नव्हतं. देवळात समई दिसली पाहिजे, वात कुणी वळली हे कोण विचारतं?

असा हा माणूस एका सोमवारी सकाळी शाहूपुरीतला एक अरुंद जिना चढत होता. खाली मोटारपंपांचं दुकान, वर गेम बनवणाऱ्या पोरापोरींचं ऑफिस. मधल्या वळणावर तो थांबला. गुडघा दुखत होता हे खरं, पण थांबला तो गुडघ्यासाठी नाही. पहिल्यांदा हा जिना चढला तेव्हा पुढं बुवा होते, आणि ह्याच वळणावर मागं बघून म्हणाले होते, "भरमा, ह्या वयात आपल्याला नाटकात घेतायत बघ."

त्याला सहा वर्षं झाली.

तेव्हा ऑफिसचा मालक राजवर्धन नुकता कॉलेजातून सुटला होता, आणि त्याच्याबरोबरची मैथिली गेमची गोष्ट लिहायची. गेमचं नाव 'घाटवाट'. एक जासूद कमरेला पत्रांची थैली बांधून रातोरात घाट ओलांडतो. खेळणाऱ्यानं त्याला उड्या मारायला लावायच्या, दरडी चुकवायच्या. जासुदाला भारदस्त आवाज पाहिजे म्हणून मैथिलीनं नृसिंहबुवांना गाठलं. बुवा म्हणाले, माझा माणूस बरोबर असेल तर येतो. मग त्या माणसालाही काहीतरी द्यायला हवं म्हणून मैथिलीनं घाटाच्या पायथ्याला एक म्हातारा दिवट्या उभा केला. त्याची वाक्यं तीन. "या, जासूदराव. बोटानं दाबलं की उडी बसती. जपून जावा." खेळ शिकवायचा आणि तिथंच बसून राहायचं. जासूद पुढं, दिवट्या मागं.

माइक एकच होता. दोघं कीर्तनात उभे राहतात तसेच उभे राहिले. बुवांनी कागद वाचला, "थैली पोचली पाहिजे, उजाडायच्या आत!" आणि भरमाप्पाच्या तोंडून, काही कळायच्या आत, पंचवीस वर्षांची सवय बाहेर पडली, "उजाडायच्या आत हो, उजाडायच्या आत..."

राजवर्धन कपाळावर हात मारून म्हणाला, "अप्पा, तुमचं वाक्य न्हाय ते!"

"चुकलं बाबा," भरमाप्पा म्हणाला. पण पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. आणि बुवांचा शेवटचा स्वर नि त्याचा पहिला स्वर असे एकमेकांत शिरलेले, की मशीनवरही तोडता येईनात. शेवटी राजवर्धननं नाद सोडला. असू दे, म्हातारा दिवट्या बोलतोय मागनं, कुणाचं लक्ष जातंय?

लक्ष गेलं. लोकांना जासुदापेक्षा ती मागनं येणारी झीलच आवडली. खेळणाऱ्यांकडून लिहून आलं, 'म्हाताऱ्याला पायथ्याला सोडू नका, आमच्याबरोबर येऊ द्या.' दुसऱ्या भागात दिवट्या अर्ध्या घाटापर्यंत आला. तिसऱ्यात माथ्यापर्यंत. त्याला तेलाची बुधली मिळाली, घोंगडी मिळाली. जासूद दरीत पडला की त्याला उठवायचं काम दिवट्याचं, "उठा, उठा हो, उठा." मग कुणाच्या तरी डोक्यातनं निघालं, आणि दिवट्या रोज सकाळी आपण होऊन फोनमधून हाका मारायला लागला, "आज आला न्हाईसा? वाट बघतोय की." एकदा कागलच्या एसटीत पुढच्या सीटवरच्या बाईच्या पर्समधनं भरमाप्पाला भरमाप्पाचीच हाक आली. बाईनं फोन काढून दाबून टाकला. "दिवसभर पिडतंय बघा म्हातारं," ती शेजारणीला म्हणाली. भरमाप्पा खिडकीबाहेर बघत बसला.

आणि गेल्या मार्गशीर्षात नृसिंहबुवा गेले. कीर्तनाचा पूर्वरंग संपवून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

कीर्तन थांबलं. गेम कसला थांबतोय? बेंगळुरूची जी कंपनी तो विकायची, तिला चौथा भाग पाहिजे होता. जासुदासाठी दुसरा आवाज आणून बघितला, लोकांनी तो हाणून पाडला. मग कंपनीनं तोडगा काढला: जासूदच नको.

"बसा अप्पा," त्या सोमवारी भरमाप्पा जिना चढून वर पोचताच राजवर्धन म्हणाला. "पाणी घ्या. आता तुमचा चान्स. ह्या भागात हिरो तुमी!"

त्यानं स्क्रीन वळवली. भरमाप्पानं चष्मा चढवला. पहिल्याच चित्रात जासूद कड्यावरनं खाली जात होता आणि थैली दिवट्याच्या हातात राहत होती. मग दिवट्या उभा राहिला. घोंगडी गेली होती. छाती रुंद, मिशा काळ्याभोर, आणि मशाल गदेसारखी खांद्यावर.

"ह्यो कोण म्हणायचा?" भरमाप्पानं विचारलं.

"तुमीच की!"

"मी? मी पंचवीस वर्षांचा असतानाबी माझं पोट असं आत न्हवतं."

मैथिली हसली, पण तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. तिनं कागद पुढं केला. "एवढंच आहे अप्पा. सावकाश म्हणा."

कागदावर होतं, 'अंधार कितीही असू दे, थैली मीच पोचवणार!'

तो आतल्या खोलीत गेला. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये माइक. कानाला हेडफोन लावला. आत अगदी शांत. भरमाप्पानं तोंड उघडलं.

काही आलं नाही.

दुसऱ्यांदा आलं ते खरवडून आल्यासारखं. तिसऱ्यांदा 'मीच' ह्या शब्दावर अडखळला. पुढं किती वेळा म्हटलं कोण जाणे. दर वेळी मैथिली काचेपलीकडून बोट वर करायची आणि दर वेळी तो त्या बोटाकडं नुसता बघत राहायचा. त्याला एक जुनी गोष्ट आठवत होती. बुवांना एकदा पेठ वडगावच्या देवळात ताप भरला होता. म्हणाले, "भरमा, आज तू पुढं उभा राहा." भरमाप्पा उभा राहिला. समोर देऊळ भरलेलं. ओळ तोंडातनं निघेना. लोक वाट बघतायत, पेटीवाला सूर धरून दमलाय. तेव्हा मागं भिंतीला टेकून पडलेल्या बुवांनी तापातच अर्धी ओळ म्हटली, आणि ह्यानं ती शेवटाला उचलली, आणि मग दोन तास कीर्तन चाललं. बुवा मागनं, हा पुढनं. लोकांना वाटलं, आजची ही नवीन तऱ्हा असेल.

आता मागं भिंत होती, गादी होती, बुवा नव्हते.

तो बाहेर आला आणि खुर्चीत बसला. "दमलो बाबा," म्हणाला. तो नुसता त्या दिवसापुरता दमलेला नव्हता.

राजवर्धननं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "अप्पा, राग मानू नका. दुसरी एक वाट हाय. तुमचा सहा वर्षांचा आवाज आपल्याकडं साठलाय. मशीन शिकलंय त्यो. तुमी एक सही करा, पुढचं सगळं त्ये बोलंल. तुमास्नी जिनाबी चढायला नको." आणि त्यानं एक बटण दाबलं.

'अंधार कितीही असू दे, थैली मीच पोचवणार!' खोलीत भरमाप्पाचा आवाज घुमला. खणखणीत.

भरमाप्पानं मान तिरकी करून ऐकलं. "पुन्ना लाव." पुन्हा ऐकलं. "आवाज माझाच हाय," तो म्हणाला. "पर ह्यो कुणाची वाटच बघत न्हाय की."

"म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाय." त्यानं टोपी घातली. "कधीपर्यंत सांगू?"

"गुरुवार. कंपनी शनिवारी मागतीया."

घरी बसव्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता निकाल दिला. "सही करा आन् अंग टाका. मशीनला गुडघं नसत्यात."

"आन् बुवा?"

"बुवा देवाकडं गेलं. त्यांस्नी आता काय गेम खेळायचाय व्हय?"

"त्यांस्नी कड्यावरनं ढकलत्यात गं," तो म्हणाला. "पैल्याच चित्रात. आन् त्यांची थैली माझ्या हातात."

बसव्वाचा हात परातीत थांबला. "असं हाय व्हय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "मग माईंस्नी इचारून या जावा. त्यांचा मान हाय."

बुधवारी दुपारी तो पेठ वडगावला गेला. माई म्हणजे बुवांच्या मंडळी. पंच्याहत्तरीच्या, ताठ, जिभेला धार. ओसरीवर सुपात शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. त्यांनी निम्म्या शेंगा त्याच्यासमोर सारल्या. माईंच्या ओसरीवर रिकामे हात चालत नसत. भरमाप्पानं शेंगा सोलत सगळं सांगितलं, जासूद, कडा, मिशा, सही.

"मग तू माझी परवानगी मागायला आलायस," माई म्हणाल्या, "का मी नाही म्हणावं म्हणून आलायस?"

भरमाप्पानं पुढची शेंग उचलली.

"नाही म्हणायचं काम माझ्यावर टाकू नकोस, भरमा. मीही दमलेय. वर्ष होत आलं, येणारा जाणारा मला विचारतो, बुवांचं हे काय करायचं, बुवांचं ते काय करायचं. झांजा कुणाला द्यायच्या. पगडी कुठं ठेवायची. मी काय त्यांचं स्टोअर सांभाळते?"

"माझ्याच्यानं हुईना झालंय माई. पुढं उभं ऱ्हायलं की आवाजच येत न्हाय. आन् मशीनकडनं बोलवून घ्यायचं म्हंजे... त्ये लै झ्याक बोलतंय, माज्यापेक्षा झ्याक. पर त्येला बुवा ठाऊकच न्हाईत. त्येच्या लेखी माझ्या आधी कुणी बोललंच न्हवतं."

माईंनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला, तो अंगणात टाकला.

"तुला एक सांगते. ह्यांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही ओळ पुरी का हो म्हणत नाही? शेवटाला आल्यावर सोडून देता. मला वाटायचं दमा असेल. तर म्हणाले, मी अर्धीच ओळ पाठ केलीय. उरलेली अर्धी भरमाकडं ठेवायला दिलीय. म्हटलं, आणि तो आला नाही तर? तर म्हणाले, तर लोकांना अर्धीच ऐकू येईल. पुरी करून लबाडी कशाला करायची?"

भरमाप्पाचे हात थांबले.

"शेंगा सोल," माई म्हणाल्या. आणि मग, जरा खालच्या आवाजात, "त्यांची अर्धी ते घेऊन गेले. तुझी अर्धी तुझ्याकडं आहे का नाही?"

परतीच्या एसटीत तो उभाच होता. कुणी जागा दिली नाही, त्यानं मागितली नाही. दांड्याला धरून तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता, थांबत होता, पुन्हा पुटपुटत होता.

गुरुवारी तो जिना चढला तो वळणावर न थांबता. राजवर्धननं सहीचा कागद काढून ठेवला होता, पेन त्याच्यावर.

"त्ये ऱ्हाऊ दे," भरमाप्पा म्हणाला. "मैथिली, तुझ्याकडं बुवांचा आवाज असंल न्हवं? पैल्या भागातला? माझ्या कानात सोड त्यो. लोकांस्नी ऐकू द्यायचा न्हाय, माझ्या कानापुरता."

मैथिलीनं राजवर्धनकडं बघितलं. राजवर्धननं घड्याळाकडं. मग ती जागेवर बसली आणि जुन्या फायली उघडायला लागली.

आतल्या खोलीत हेडफोनमधून आधी खरखर आली. मग खाकरणं, बुवा ओळीआधी नेहमी खाकरायचे, ते कुणी पुसलं नव्हतं. आणि मग, 'थैली पोचली पाहिजे, उजाडायच्या आत...'

भरमाप्पानं डोळे मिटले. ओळ शेवटाला आली. बुवांचा दम सरला, आणि जुनी झील उमटण्याआधी मैथिलीनं आवाज तोडला.

"...उजाडायच्या आत हो, उजाडायच्या आत."

काचेपलीकडं मैथिलीचा हात तोंडावर गेला. आवाज थकलेला होता, मध्ये किंचित चिरलाही. पण तो होता.

अशा त्यानं बारा ओळी म्हटल्या. दर ओळीआधी कानात बुवा, मग हा. शेवटी मैथिलीनं ते खोलीत लावून दाखवलं. आता बुवा नव्हते. आधी शांतता, मग भरमाप्पाची अर्धी ओळ. पुन्हा शांतता, पुन्हा अर्धी ओळ.

"अप्पा," राजवर्धन डोकं खाजवत म्हणाला, "आवाज नंबर एक लागलाय. पण मधी मधी लै रिकामं वाटतंय ओ."

"रिकामं न्हाय त्ये. थितं बुवा हाईत."

"पण खेळणाऱ्याला कसं कळायचं?"

"कीर्तनात बुवा श्वास घेत्यात त्ये कुणाला कळतंय? पर घेत्यात न्हवं?" भरमाप्पा खुर्चीत बसला. "आन् त्या जासुदाला कड्यावरनं ढकलू नगासा. मेला न्हाय त्यो. पुढच्या वळणापलीकडं हाय. दिसत न्हाय, एवढंच. दिवट्या त्येच्या मागनं चाललाय."

"अप्पा, दिवट्या पुढं चालतो," मैथिली हळूच म्हणाली. "उजेड दाखवायला."

"चालतो की. पर उजेड मागच्यासाठी आसतोय. म्हंजे त्यो मागच्याच्याच मागं झाला."

राजवर्धननं फोन उचलला आणि गॅलरीत जाऊन कंपनीशी बराच वेळ हिंदीत, मग इंग्रजीत, मग वैतागून मराठीत बोलला. परत आला तेव्हा घामानं निथळत होता. "कडा काढला," म्हणाला. "वळण टाकतोय. रिकामी जागा दोन सेकंद म्हणालेत, त्याच्या वर न्हाय. मिशा मात्र काळ्याच ठेवणारेत. माझं काय चाललं न्हाय तिथं."

"ऱ्हाऊ देत की मिशा," भरमाप्पा म्हणाला. "बुवाबी कलप लावायचं."

जिना उतरताना मैथिलीनं त्याला हात दिला. खाली आल्यावर तो म्हणाला, "आता पाचवा भाग काढलासा तर मला बोलवू नगासा, पोरी. झाली माझी अर्धी म्हणून." त्याच्या खांद्यावरचं उपरणं घसरलं होतं, ते तिनं नीट केलं.

चौथा भाग आला. जाहिरातीत त्या दोन सेकंदांचाही अर्धा सेकंद करून टाकलाय, असं ऐकतो. जाहिरातीला कुठला दम? काही लोकांनी लिहिलं, आवाज अडकतोय, दुरुस्त करा. पण पेठ वडगावात माईंनी शेजारच्या शांभवीकडून फोन लावून घेतला, ओसरीवर बसून ऐकला, आणि त्या रिकाम्या जागेत, कुणाला दिसेल न दिसेल असा, एक श्वास घेतला.

भरमाप्पा आता घरीच असतो. पहाटे लिंगपूजा करतो, दुपारी पडतो. बसव्वा म्हणते, बरं झालं, सुटलासा.

तर मंडळी, गोष्ट इथवरच. गेम खेळा, न खेळा, तुमची मर्जी. पण कधी एसटीत, कधी कुणाच्या पर्समधून त्या म्हाताऱ्या दिवट्याचा आवाज कानावर पडलाच, तर लगेच फोन दाबू नका. बोलायच्या आधी तो जरासा थांबतो. तेवढ्या थांब्यात आमच्या नृसिंहबुवांची आठवण काढा. फार वेळ मागत नाही. दोनच सेकंद.